मंगळवारचं तूप

तुपाचं भांडं त्यांच्या पानाशी आलं, क्षणभर थांबलं आणि पुढं गेलं. भीमसेनराव पाटावर ताठ बसले होते. उजवा हात मांडीवर, नजर समोरच्या समईवर. वाढणाऱ्या बाईकडे त्यांनी पाहिलं नाही. वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धा भिकारी असे. पण तांबड्या आलवणाची कड पानासमोरून सरकलेली त्यांना दिसली. पळी शेजारच्या पानावर वाकली, यजमान पद्मनाभ डॉक्टरांच्या भातावर तूप पडलं, मग डॉक्टरांच्या मुलाच्या, मग शेषगिरी मास्तरांच्या. भीमसेनरावांच्या भाताची मूद तेवढी कोरडी राहिली. आपल्या हेमावतीच्या लग्नाची बोलणी पक्की करायला ते सकाळच्या गाडीनं धारवाडहून हुबळीला आले होते, आणि सोयरिकीच्या पहिल्याच जेवणात मुलीच्या बापाचं पान चुकलं होतं.

त्यांना राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसांवर येतो. त्यांना फक्त आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान वाटलं. या हुबळीकरांना पैसा मिळाला, दुर्गदबैलाच्या बाजाराच्या तोंडाशी दवाखाना मिळाला, माडीचं घर मिळालं, पण चार पानं वाढायची अक्कल आली नाही. मघाशी बैठकीत जयलक्ष्मीबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, स्वयंपाकीणबाईचं गाऱ्हाणं सांगितलं होतं ते त्यांना आठवलं. ''म्हातारी झाली हो. कधी मीठ विसरते, कधी दोनदा घालते. आजचं जेवण नीट पार पडलं तर बघू, नाहीतर उद्या वळकटी बांधा म्हणून सांगणार आहे मी.'' पाहुण्यांसमोर घरच्या बाईमाणसाबद्दल असं बोलावं, हेही त्यांनी मनाशी टिपून ठेवलं होतं. माणसं पारखायची तर त्यांना जेवताना बघावं, असं भीमसेनराव म्हणत. डॉक्टर आपोष्णीच्या आधीच कोशिंबिरीला बोट लावून चाखून मोकळे झाले होते. मुलगा गुरुराज पुरणपोळ्यांच्या ताटाकडे असा बघत होता की त्याची बी. ए. ची पदवी कुणी पोळीत घालून दिली असावी. शेषगिरी मास्तर तर सोयरीक जुळवण्याच्या निमित्तानं गावोगाव जेवत हिंडणारा माणूस. 'नको, नको' म्हणत पानावर हात आडवा धरायचा आणि बोटं मात्र फाकलेली ठेवायची, ही त्याची रीत धारवाडात कुणाला ठाऊक नव्हती?

भीमसेनरावांची रीत त्याहून ठाऊक होती. आईबापांनी भीम नाव ठेवलं आणि पोरगा जेवतो चिमणीएवढं, अशी थट्टा कोर्टात चाले, आणि ती त्यांना आवडे. पहिल्या वाढीनंतर त्यांचा तळहात उभा राही आणि तोंडातून एकच शब्द येई, 'साकु.' पुरे. कानडी माणूस हा शब्द रोज शंभरदा वापरतो, पण भीमसेनरावांनी म्हटला की वाढणारा आग्रह करायला धजत नसे. लग्नाच्या पंगतींत पोळ्या खायच्या पैजा लागत. तिसाव्या पोळीला डोळे पांढरे करणारे वकील, पोटावरून हात फिरवत उठणारे मामलेदार, आंबटगोड ढेकर देत गीतेवर बोलणारे प्राध्यापक, सगळ्यांना त्यांनी त्याच पंगतीत बसून, अर्ध्या पोळीवर हात आखडून, डोळे भरून पाहिलं होतं. माणूस किती शिकला, किती मोठा झाला, तरी पानावर बसला की तोंड उघडून वाट बघणारं पाखरू होतो. आपण झालो नाही. आपण आयुष्यात कुणापाशी काही मागितलं नाही. हे वाक्य ते स्वतःशी इतक्यांदा बोलले होते की ते त्यांना स्वतःच्या नावासारखं वाटे. वेणूबाई, त्यांची बायको, लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवऱ्याला काय आवडतं ते सांगू शकत नव्हती. सुरुवातीला तिनं विचारून पाहिलं, मग रडून पाहिलं, मग समोर येईल ते वाढू लागली.

डॉक्टरांनी ''हं, होऊ द्या'' म्हटलं. भीमसेनरावांनी पानाभोवती पाणी फिरवलं आणि चित्राहुती घालण्यासाठी मुदीच्या कडेला बोटं घातली. बोटांना ऊब लागली. मग काहीतरी ओलसर, मऊ, सरकतं. त्यांनी भात किंचित उचलला. खाली, केळीच्या पानाच्या शिरेशी, तुपाचं थारोळं होतं. पळीभर नव्हे, दोन पळ्या. वरून कोरड्या दिसणाऱ्या त्या मुदीखाली तूप कुणीतरी आधीच वाढून ठेवलं होतं आणि त्यावर भात झाकला होता. त्यांची बोटं तिथंच राहिली. भाताखाली तूप वाढणारी बाई त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांना भीमसेनराव म्हणत नव्हते. भीमूही फारसं कुणी म्हणत नसे. गदगजवळच्या खेड्यातून शिकायला आलेलं, बाप नसलेलं पोर, धारवाडात सात घरी सात वार लावून जेवत होतं, आणि ज्या घरी ज्या वारी जेवण, त्या घरी तेच त्याचं नाव. ''सोमवार आला का गं?'' ''बुधवाराला आज उशीर झाला.'' मंगळवार एका कारकुनाच्या घरी होता. गृहस्थ बरा, पण घर त्याच्या बायकोचं. सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्या कमरेच्या किल्ल्यांत तुपाच्या कपाटाची किल्लीही होती. तिथं पान वाढायची ती गृहस्थाची बहीण अंबूताई. वीस-बावीस वर्षांची विधवा, आलवणातली, पदर कपाळापर्यंत ओढलेली. घरच्यांच्या भातावर तूप पडे. वार लावलेल्या पोराच्या पानाशी तुपाचं भांडं येई, आणि पुढं जाई. त्यात वहिनीचं काही चुकत होतं असं कुणाला वाटत नसे. भीमूलाही वाटत नसे. शुक्रवारच्या घरी तर त्याला भातच नव्हता, जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी, तीही पुढच्या सोप्यात एकटं बसून.

त्या पावसाळ्यात त्याला ताप येऊन गेला होता. मंगळवारी तो मंगळवारच्या घरी गेला, तेव्हा वहिनी देवळात गेली होती. तोंडाला चव नव्हती, भात गिळवत नव्हता. अंबूताई समोर उकिडवी बसून म्हणाली, ''तम्मा, दोन घास तरी खा रे. असं कसं?'' तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सात घरांत त्याला वाराखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारणारं एवढंच माणूस. आणि भीमू म्हणाला, ''अक्का, भातावर तूप घातलं की कसं लागतं?''

या वाक्यावर वकील झालेल्या भीमसेनरावांनी पुढं बरीच वर्षं स्वतःच्या बाजूनं युक्तिवाद केला होता. प्रश्न विचारणं म्हणजे मागणं नव्हे. मुलानं जिज्ञासा दाखवली. तापातलं मूल काहीही विचारतं. समोरच्यानं त्यावर काय केलं, ही समोरच्याची मर्जी. असा खटला कुठल्याही कोर्टात टिकला असता. पुढच्या मंगळवारी त्याच्या पानावरचा भात वरून नेहमीसारखा कोरडा होता आणि आत बोट घातलं तर तूप होतं. त्यानं मान वर केली. अंबूताई दुसरीकडे बघत होती. ती चव त्यांना अजून शब्दांत सांगता आली नसती. भूक भागल्याची ती चव नव्हती. आपण येणार म्हणून कुणीतरी सकाळपासून काहीतरी झाकून ठेवलं आहे, याची ती चव होती. आठवड्याचे सहा दिवस तो त्या एका घासाकडे तोंड करून चालत असे.

इथपर्यंतचं आठवायला त्यांची कधी हरकत नसे. पुढचं ते कोर्टापुढं आणत नसत. एका मंगळवारी भाताखाली तूप नव्हतं. कपाटाला कुलूप असेल, वहिनी समोर असेल, काहीही असेल. भीमूनं मूद चारही बाजूंनी उकरून पाहिली. मग जेवून उठला, हात धुतला, आणि घरी जायच्याऐवजी परसात गेला. अंबूताई विहिरीशी खरकटी भांडी घासत होती. तिच्या मागं उभं राहून तो म्हणाला, ''अक्का, आज तूप नव्हतं.'' ती वळली. तिच्या तोंडावर राख उडाली होती. तो म्हणाला, ''पुढल्या खेपेला दे हं. विसरू नको.'' हा प्रश्न नव्हता. ही जिज्ञासा नव्हती. तेरा वर्षांचं पोर आपला हक्क सांगावा तसं मागत होतं, आणि ती बाई, जिला त्या घरात स्वतःच्या भातावर तूप घ्यायची मुभा नव्हती, मान हलवत होती.

पुढच्या मंगळवारी वहिनीनं त्याला पान उचलून जाताना अडवलं. सोवळ्यात होती, शिवता येत नव्हतं, म्हणून लांबूनच म्हणाली, ''हात पुढं कर.'' आणि तांब्यातलं पाणी त्याच्या बोटांवर ओतलं. पाणी बोटांना धरेना. त्याचे थेंब थेंब झाले आणि घरंगळून गेले. वहिनी बराच वेळ ते थेंब बघत राहिली. ''कुणी वाढलं?'' भीमू गप्प राहिला असता तरी चाललं असतं. बोटं बोललीच होती. पण तिनं आवाज चढवायच्या आधीच तो म्हणाला, ''अंबूताईंनी वाढलं. मी मागितलं नव्हतं.'' रोज अक्का म्हणणारं पोर त्या दिवशी अंबूताई म्हणालं, हेही त्यांना आठवत होतं. वहिनीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं. ''काय गं? मागितलं त्यानं?'' दारात उभ्या असलेल्या अंबूताईनं भीमूकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ''नाही. त्यानं नाही मागितलं. मीच वाढलं.''

त्यानंतर ती त्या घरात दिसली नाही. कुणी म्हणे सासरी पाठवलं, कुणी म्हणे हुबळीत कुणाकडे स्वयंपाकाला ठेवली. भीमूनं चौकशी केली नाही. पुढच्या मंगळवारी वहिनीनं स्वतः तुपाचं भांडं आणलं, त्याच्या पानाशी थांबली आणि त्याच्या भातावर, वर, सगळ्यांना दिसेल असं तूप वाढलं. ''खरं बोलतोस म्हणून,'' असं म्हणाली. आणि भीमूनं ते खाल्लं. मॅट्रिक होईपर्यंत, दोन वर्षं, दर मंगळवारी खाल्लं. जगातल्या सगळ्या खादाडांचा तिरस्कार करणाऱ्या भीमसेनरावांना ही दोन वर्षं सोडून बाकी सगळं आयुष्य चघळता येत होतं.

आता त्यांनी वर पाहिलं. पंगतीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, ती उभी होती. पदर कपाळापर्यंत. चेहरा सुकलेला, गालाची हाडं वर आलेली, हातात तुपाचं भांडं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तेव्हासारखीच दुसरीकडे पाहत होती. हिनं ओळखलं. पाय धुताना खिडकीतून पाहिलं असेल, नाव कानावर गेलं असेल. धारवाडचे भीमसेनराव वकील हे तिला बरीच वर्षं ठाऊकही असेल. आणि ओळखून हिनं हे वाढलं. त्यांच्या मनात पहिल्यांदा आली ती चीड. हिची हिंमत! काय सुचवायचं आहे हिला? मी तुला ओळखते, व्याही म्हणून पाटावर बसलास तरी तू मंगळवारच आहेस, हे? का उगाच माया दाखवते आहे? त्यांना मायेची किळस वाटत असे. माया करणारी माणसं मागाहून हिशेब मागतात, असा त्यांचा अनुभव होता. मग ध्यानात आलं, हा अनुभव त्यांना कुठंच आला नव्हता. ज्या एका बाईनं माया केली तिनं एकतीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. दोघांपैकी कधी काही न मागितलेलं माणूस ती होती. त्यांच्या बोटांवरचं तूप गार होऊ लागलं.

''अय्यो, हे काय!'' जयलक्ष्मीबाई पोळ्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. ''अंबूताई! व्याह्यांच्या भातावर तूप कुठाय? अहो, पाहुण्याचंच पान चुकवलंत?''

पंगत थांबली. डॉक्टरांचा घास तोंडाशी राहिला. गुरुराज खाली मान घालून हसला. शेषगिरी मास्तर मात्र मदतीला धावले, कारण जुळत आलेली सोयरीक मोडली तर पुढची जेवणं बुडत होती. ''छे, छे! त्यांची चूक नाही हो. भीमसेनरावांनीच साकु म्हटलं असणार. अहो, हा माणूस तूप मागायचा आहे होय? उभ्या धारवाडात विचारा!''

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. बाईची नोकरी राहिली असती, आपला लौकिकही राहिला असता, आणि तो खोटेपणा किती शोभिवंत दिसला असता! भीमसेनरावांचा तळहात सवयीनं वर आलाही. ''हो,'' ते म्हणाले, ''मीच साकु...''

''साकु म्हणाले नाहीत ते,'' दारातून आवाज आला. म्हातारीचा आवाज, पण ठाम. ''वाढलंय मी. भाताखाली आहे.''

''भाताखाली?'' जयलक्ष्मीबाईंनी ताट खाली ठेवलं. ''चोरून वाढल्यासारखं? ही कुठली रीत काढलीत? चांगल्या घरच्या पाहुण्याला असं वाढतात होय री? कुणी सांगितलं तुम्हाला?''

अंबूताईनं तुपाचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. जयलक्ष्मीबाई पुन्हा म्हणाल्या, ''अहो, बोला की. मागितलं होतं त्यांनी?''

आता अंबूताईनं त्यांच्याकडे पाहिलं. एकदाच. तेच पाहणं. ''नाही,'' ती म्हणाली. ''त्यांनी नाही मागितलं. मीच वाढलं.''

भीमसेनरावांना वाटलं, उठावं. पान तसंच टाकून, उपरणं झटकून, धारवाडची गाडी धरावी. अपमान झाला म्हणता येईल. लोक विश्वास ठेवतील. सोयरीक मोडली तर हेमावती चार दिवस रडेल, मग गप्प बसेल, तिच्या आईसारखी. आणि ही बाई उद्या वळकटी बांधेल, दुसऱ्यांदा, त्याच वाक्यापायी. स्वतःचा त्यांना इतका तिटकारा आला की आजवर पंगतीपंगतीतून लोकांवर केलेला सगळा तिटकारा त्यापुढं पोरखेळ वाटला. ते सगळे खादाड निदान ढेकर तरी उघड देत होते.

''मागितलं होतं,'' ते म्हणाले.

कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. ''मी मागितलं होतं. तूप मीच मागितलं होतं त्यांच्यापाशी. परसात जाऊन मागितलं.''

''परसात?'' डॉक्टर गोंधळले. ''अहो पण तुम्ही तर बैठकीतून सरळ पाटावर...'' शेषगिरी मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं. गुरुराजला हसू आवरेना, त्यानं पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. जयलक्ष्मीबाईंच्या ओठांना मात्र एक बारीकशी मुरड पडली. मुलीचा बाप, वकील म्हणवणारा, स्वयंपाकिणीकडे मागल्या दारानं तूप मागतो! उद्या अख्ख्या हुबळीत होईल. त्या मुरडीत काय होतं ते भीमसेनरावांना कुणी समजावून सांगायला नको होतं. आजवर पानावर बसून ते इतरांकडे याच तोंडानं बघत आले होते. आता ते त्या नजरेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते, आणि आश्चर्य म्हणजे तिथंही बसता येत होतं.

''मागून घेतलंत तर मग राहू दे,'' जयलक्ष्मीबाई कोरडेपणानं म्हणाल्या. ''पाहुण्यांनीच मागितलं, तर अंबूताईंना काय बोलायचं?'' आणि त्यांनी पोळ्यांचं ताट उचललं.

तांबडं आलवण दारातून निघालं आणि डॉक्टरांच्या, गुरुराजच्या, मास्तरांच्या पानांपुढून चालत त्यांच्या पानाशी येऊन थांबलं. या खेपेला भीमसेनरावांनी वाढणाऱ्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडा राखेनं काळवंडल्या होत्या.

''ठाऊक आहे रे, तम्मा,'' अंबूताई हळूच म्हणाली. ''जेव आता. भात निवला.''

आणि तिनं भातावर, सगळ्यांना दिसेल असं, तूप वाढलं. एक पळी वाढून ती थांबली, त्यांच्या तळहाताकडे बघत. तळहात मांडीवरच होता. तिनं दुसरी पळी भरली. भीमसेनराव साकु म्हणाले नाहीत.